सोलर पॅनेल घेण्याआधी गच्ची मोजा: सातारा-सांगलीच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सोलर बसवायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचे पॅनेल घ्यावे?" खरे तर हा प्रश्न बराच नंतरचा. सरकारमान्य यादीतल्या दोन चांगल्या पॅनेलांमध्ये वर्षाच्या उत्पादनात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. पाण्याच्या टाकीची सावली, वाकडी दिशा किंवा ढिसाळ जोडणी मात्र पंधरा-वीस टक्के सहज खाऊन टाकते. म्हणून आधी लाईट बिल, मग गच्ची, त्यानंतर पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारी पेटी), आणि पॅनेलइतक्याच बारकाईने लोखंडी सांगाडा, या क्रमाने पुढे जावे.

लाईट बिलावरून किलोवॅट काढा

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट जोडा. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून हिशोब करू नका, तो नेहमी फुगलेला निघतो.

आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट आणि वर्षाला १,४०० च्या आसपास युनिट देते. मार्च ते मे या काळात रोजचा आकडा साडेचार-पाचपर्यंत चढतो, जुलै-ऑगस्टमध्ये तीनच्याही खाली येतो. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत १,४०० निर्धास्त धरा. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळाभर ढग हलत नाहीत. तिथे १,२०० धरून चाललेले बरे.

समजा घराचा वापर महिना २५० युनिट आहे. वर्षाचे ३,००० झाले. भागिले १,४०० म्हणजे २.१ किलोवॅट. पुढच्या दोन वर्षांत एसी, इंडक्शन शेगडी किंवा ई-स्कूटर घ्यायची असेल तर ३ किलोवॅटवर जा. तसे काही नसेल तर मोठे पॅनेल घेऊन फायदा नाही. नेट मीटरमध्ये (घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशोब बंद होतो आणि उरलेल्या युनिटला जो दर मिळतो, तो आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. वीज विकून कमाई होईल असे कोणी पटवून देत असेल तर पाहुणचार करावा आणि निरोप द्यावा.

ज्यांचा वापर महिना शंभर युनिटच्या आत आहे, त्यांनी तर घाईच करू नये. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढत जातो, त्यामुळे सोलरची खरी बचत वरच्या टप्प्यांतल्या महागड्या युनिटवर होते. स्थिर आकार सोलर बसवल्यावरही भरावाच लागतो. बिल शून्य होईल ही समजूत काढून टाका.

गच्ची: इथे एक रविवार घालवा

एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. सध्याचे ५४० ते ५८० वॅटचे पॅनेल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. वजन २८ किलोच्या आसपास, दोन्ही बाजूंनी काच असेल तर ३२. असे सहा पॅनेल म्हणजे सव्वातीन किलोवॅट.

सातारा १७.७ अंश अक्षांशावर आहे, सांगली १६.९ वर. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार १५ अंशांच्या आसपास ठेवला की काम झाले. दोन अंश इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. उतार १० अंशांच्या खाली मात्र नेऊ नका. धुळीचे पाणी मग खालच्या फ्रेमच्या कडेला साचते, वाळते आणि काचेवर दोन बोटे रुंदीची चिखलाची पट्टी धरते. ती नेमकी खालच्या ओळीतल्या सेलवर (वीज बनवणाऱ्या चकत्यांवर) बसते आणि पॅनेलचा खालचा अर्धा भाग दबतो. जागेअभावी पूर्व किंवा पश्चिमेकडे तोंड करावे लागले तरी कमी उतारावर साधारण पाच-सात टक्केच तोटा होतो. त्यासाठी सोलरचा बेत रद्द करायला नको. उत्तरेकडे तोंड मात्र टाळा.

आता सावली. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. म्हणून सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन ही पॅनेलची कमाईची वेळ. वर्षातली सर्वात लांब सावली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पडते. त्या दिवसांत सकाळी साडेनऊला सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे १.७ पट लांब असते आणि ती वायव्येकडे जाते. भरदुपारी ती उंचीपेक्षा थोडी कमी, म्हणजे ०.८५ पट, सरळ उत्तरेकडे पडते. गच्चीवर टेप घेऊन हे गणित करून बघा. स्टँडवरची टाकी धरून उंची दहा फूट असेल, तर सकाळची सावली सतरा फूट आणि दुपारची साडेआठ फूट. तीन फुटी दक्षिणेचा कठडा साडेनऊला उत्तरेकडे साडेतीन फुटांपर्यंत पोचतो. म्हणजे पॅनेल कठड्याला चिकटवून चालणार नाही. एकतर तेवढे मागे घ्या, नाहीतर सांगाडा उंच करा.

यातून एक सोपा नियम निघतो: टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेला, पॅनेल त्यांच्या दक्षिणेला. पण अगदी लगटून नको. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिकडेच राहतो. त्या काळात उत्तरेकडच्या टाकीची सावली सकाळ-संध्याकाळ पॅनेलवर तिरपी येते. दोन-तीन फूट अंतर सोडले की भागते. पॅनेलच्या दोन रांगा असतील तर पुढच्या रांगेच्या मागच्या टोकापासून अडीच फूट सोडा. १५ अंशांवर उभ्या (लांब बाजू उताराच्या दिशेने) लावलेल्या पॅनेलची मागची कड पुढच्या कडेपेक्षा जवळपास दोन फूट वर असते आणि तिची सावली सव्वादोन फुटांपर्यंत जाते. धुण्यासाठी माणूस जायलाही तेवढी वाट लागतेच.

शेजारचा रिकामा प्लॉट, वाढणारा नारळ, डिशची छत्री, केबलचा खांब, यांचीही मोजणी करा. एका पॅनेलवर बोटभर सावली पडली तरी त्याच ओळीतल्या, म्हणजे एकापुढे एक वायरीने जोडलेल्या, बाकी पॅनेलांना थोडी झळ लागते. पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात. सावलीतला एक तृतीयांश भाग ते वगळतात, म्हणून सगळी ओळ बंद पडत नाही, पण तेवढे उत्पादन जाते ते जातेच.

पॅनेल: कोणत्या प्रकारचे, किती वॅटचे

निळसर दिसणारे जुने पॉली पॅनेल कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आता निवड सेलच्या बनावटीच्या दोनच प्रकारांत आहे: मोनो पर्क आणि टॉपकॉन. दोन्ही हाफ-कट, म्हणजे अर्ध्या कापलेल्या सेलचे, असावेत.

फरक मुख्यतः उष्णतेचा आहे. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे सेलचे तापमान २५ अंश असतानाचे. मिरजेला एप्रिलच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापतो, म्हणजे ४० अंश जास्त. मोनो पर्कचे उत्पादन दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घटते, म्हणजे १४ टक्के; टॉपकॉनचे ०.२९ ते ०.३० टक्के, म्हणजे १२ च्या आत. तीन किलोवॅटमागे फरक ६०-७० वॅटचा. शिवाय टॉपकॉन म्हातारे हळू होते: पहिल्या वर्षी एक टक्का आणि नंतर दरवर्षी ०.४ टक्के घट, तर मोनो पर्कची पहिल्या वर्षी दोन आणि नंतर ०.५५ च्या आसपास. दोघांच्या किमतीत प्रति वॅट रुपया-दोन रुपयांचा फरक असेल तर टॉपकॉन घ्या. फरक त्याहून मोठा असेल तर तेच पैसे सांगाड्यात घाला.

बायफेशियल, म्हणजे मागूनही वीज देणारे पॅनेल, सध्या फार खपवले जाते. खालची गच्ची पांढऱ्या रंगाची असेल आणि पॅनेल तीन-चार फूट तरी उंच असेल तरच मागच्या बाजूचा थोडाफार उपयोग होतो. पत्र्याला चिकटून बसवायचे असेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे सरकारी अनुदान हवे असेल तर डीसीआर पॅनेलच लागते, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. ते बिगर-डीसीआरपेक्षा महाग असते. इथेच फसवणुकीला वाव आहे: कोटेशनमध्ये डीसीआर, गच्चीवर दुसरेच. उपाय सोपा आहे. माल उतरला की बसवण्याआधी प्रत्येक पॅनेलच्या मागच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा आणि अनुक्रमांकांची यादी डीसीआर प्रमाणपत्राशी ताडून पहा. सगळ्या पॅनेलांचे वॅट आणि मॉडेल एकच हवे. ५४० च्या ओळीत एखादे ५२५ चे घुसवले तर विद्युतप्रवाह त्याच्या मापाने चालतो.

पॅनेलची संख्याही नीट मोजा. अनुदान पॅनेलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतल्या कमी आकड्यावर मिळते. ५४० ची पाच पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट, इन्व्हर्टर ३ चा असला तरी पूर्ण अनुदान हाती येत नाही. सहा लावा.

वॉरंटी दोन प्रकारच्या असतात. वस्तूची, बहुधा १२ वर्षांची, आणि उत्पादनाची २५ ते ३० वर्षांची. जाहिरातीत मोठा आकडा असतो. प्रत्यक्षात उपयोगी पडते ती पहिली.

इन्व्हर्टर

घरासाठी साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडून चालणारा, इन्व्हर्टर पुरेसा. तो लाईट गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तो दोष नाही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून तशी रचना केलेली असते. लाईट वारंवार जाते अशा वाडी-वस्तीवर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीचा विचार करता येईल, पण खर्च बराच वाढतो. घरात आधीच बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर तो तसाच राहू द्या. फक्त सोलरची जोडणी त्याच्या आउटपुटवर होऊ देऊ नका, ती मेन बोर्डावरच हवी. जनरेटरचेही तेच.

सहा पॅनेल एका ओळीत जोडली की बिनभाराचे व्होल्टेज ३०० च्या आसपास येते. ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला ते सोयीचे. तीन-चारच पॅनेल असतील तर इन्व्हर्टर किती व्होल्टला चालू होतो ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. गच्चीवर सावल्यांचा गुंता असेल, किंवा पॅनेल दोन दिशांना लावावी लागत असतील, तर दोन एमपीपीटीचा (दोन ओळी स्वतंत्रपणे सांभाळणारा) इन्व्हर्टर किंवा मायक्रो-इन्व्हर्टर (पॅनेलागणिक बसणारा छोटा इन्व्हर्टर) घ्यावा.

ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाईनच्या शेवटी असलेल्या घरांची एक खास तक्रार असते: दुपारी ऊन कडक असताना इन्व्हर्टर बंद-चालू होतो आणि स्क्रीनवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज दिसते. आपली वीज बाहेर ढकलताना वायरमधल्या रोधामुळे व्होल्टेज चढते आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला वाचवतो. बऱ्याचदा दोष इन्व्हर्टर ते मीटर या वायरचा असतो. ३ किलोवॅटला १३ अँपिअर जातात. अंतर थोडे असेल तर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते, पंधरा-वीस मीटरच्या पुढे ६ ची घ्या. वायर जाड असूनही त्रास होत असेल तर महावितरणकडे व्होल्टेजची लेखी तक्रार करा.

इन्व्हर्टर सावलीत आणि हवेशीर जागी लावा. पश्चिमेच्या भिंतीवर तो दुपारी तापतो आणि आपणहून वीज कमी करतो. सांगलीत गावभाग, सांगलीवाडी किंवा कराडच्या नदीकाठच्या भागात राहत असाल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी घरात कुठवर आले होते ती खूण आठवा, आणि इन्व्हर्टर, डीसी पेटी, एसी पेटी तिन्ही त्याच्या वर, शक्यतो जिन्याच्या वरच्या टप्प्यावर लावा.

सांगाडा आणि गळती

सोलरबद्दलची भांडणे पॅनेलवरून फारशी होत नाहीत, ती स्लॅब गळण्यावरून होतात. भोके पाडून अँकर बोल्ट ठोकले आणि वरून थोडे सिमेंट फासले, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात छताला ओल धरते. स्लॅबवर आधीच वॉटरप्रूफिंग केलेले असेल तर भोक पाडूच देऊ नका. काँक्रीटचे ठोकळे स्लॅबवर ओतून त्यात पाय बसवणे हा चांगला मार्ग. ठोकळे किती वजनाचे लागतील ते वाऱ्यावर ठरते. भोके टाळता येत नसतील तर ती केमिकल अँकरने (बोल्ट पक्का धरून भोक बुजवणाऱ्या रसायनाने) भरून घ्या.

वाऱ्याला हसू नका. चाळकेवाडी, वनकुसवडे आणि ढालगावच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिरपे पॅनेल खालून वारा घेते आणि सांगाडा वर उचलला जातो. वळवाच्या वादळात पॅनेल उडाल्याच्या बहुतेक प्रसंगांत काच नव्हे, बोल्ट किंवा ठोकळा कमी पडलेला असतो. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या: गरम जस्तात बुडवलेले लोखंड, जस्ताचा थर ८० मायक्रॉन, ताशी १५० किलोमीटर वारा सोसणारी रचना, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. जागेवर कापाकापी आणि वेल्डिंग केले की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सांगाडा नटबोल्टने जुळणारा असावा. वेल्डिंग करावेच लागले तर त्यावर झिंक प्राइमरचे दोन हात हवेत.

पुढची कड स्लॅबपासून किमान एक फूट वर ठेवा. आठ फुटांचा उंच सांगाडा केला तर खाली वावरता येते, आणि उन्हाळ्यात पापड-कुरडयांच्या वाळवणासाठी जागा ठेवायची असेल तर हे बोलणे बसवणाऱ्याशी नाही, घरातल्या बायकांशी आधी करा. उंचीबरोबर लोखंड, खर्च आणि वाऱ्याचा जोर तिन्ही वाढतात, हे धरून चाला. कौलारू घरावर थेट कौलांवर पॅनेल ठेवू नयेत; कौले काढून वाशांना हूक मारावे लागतात आणि वासे जुने असतील तर अंगणात किंवा गोठ्यावर वेगळा सांगाडा बरा. वाई, पाटण भागात वानरांचा वावर असेल तर लोंबत्या वायरी अजिबात नकोत, सगळ्या पाइपात घाला.

बसवताना कोणी पॅनेलवर पाय देत असेल तर तिथेच थांबवा. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात आणि दोन-तीन वर्षांनी तिथे तापणारा डाग तयार होतो. फ्रेमला नवे भोक पाडले तरी वॉरंटी जाते.

डीसी वायर ४ चौरस मिलिमीटरची, उन्हाने न तडकणारी सोलर केबल हवी. वायरी जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरची नर-मादी जोडी एकाच कंपनीची घ्या. वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर बसतात, पण ढिले राहतात, तापतात आणि वितळतात. अर्थिंगचे खड्डे तीन: पॅनेल-सांगाड्याचा, इन्व्हर्टरचा आणि वीजरोधकाचा (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांडीचा). वळवात विजा कडाडतात तेव्हा वीजरोधकाची तार घराच्या अर्थिंगला जोडलेली असेल तर टीव्ही-फ्रिजही जातात. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत आहे हे मीटर लावून दाखवायला सांगा.

कोटेशन, अनुदान, कागद

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,०००. रक्कम थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, तीही नेट मीटर बसून तपासणी झाल्यावर. त्यामुळे सुरुवातीला पूर्ण पैशांची किंवा कर्जाची तयारी हवी.

अर्जाआधी लाईट बिलावरचे नाव बघा. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या, कारण बिल, आधार आणि बँक खाते जुळले नाही तर अनुदान तिथेच अडते. मग राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, अर्ज, नोंदणीकृत व्हेंडरची निवड, करार, काम, नेट मीटर, तपासणी असा क्रम आहे. दहा किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक मंजुरीची वाट पहावी लागत नाही. ओटीपी आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा.

तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या आणि एकूण रकमेऐवजी प्रति वॅट दर काढून तुलना करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने आकडेमोड केलेले कोटेशन परत पाठवा. योजनेत पाच वर्षे देखभाल व्हेंडरने करायची असते, ती करारात आहे ना ते वाचा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि दहा टक्के तरी नेट मीटर चालू होईपर्यंत हातात ठेवा.

चालू झाल्यावर

नेट मीटर बसण्याआधी संच चालू करू नका. साधा इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजू शकतो आणि बिल उलट वाढते.

चालू झाल्यावर स्वच्छ उन्हाच्या दिवशी साडेबाराच्या सुमारास इन्व्हर्टरचा आकडा बघा. सव्वातीन किलोवॅटच्या संचाला अडीच किलोवॅटच्या आसपास दिसले तर ठीक आहे, ३.२ दिसत नाही म्हणून भांडू नका. दोनच्या खाली असेल तर सावली, धूळ किंवा सुटलेली जोडणी शोधा. पहिल्या नेट बिलावर आयात, निर्यात आणि शिल्लक युनिट वेगवेगळे छापलेले हवेत. मीटर बदलल्याच्या महिन्यात सरासरीचे बिल आले तर मीटरच्या आकड्यांचा फोटो घेऊन लगेच महावितरणच्या उपविभागात जा.

धुण्याचे वेळापत्रक आपल्याकडे साखर कारखाने ठरवतात. गाळप हंगामात चिमणीची काजळी आणि फडात जाळलेल्या पाचटाची राख काचेवर चिकट थर धरते, आणि त्याच महिन्यांत पाऊस नसतो. वाळवा, पलूस, कराडच्या पट्ट्यात तेव्हा दर पंधरवड्याला धुवा. एरवी महिन्यातून एकदा चालते. सकाळी सातच्या आत, काच गार असताना, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. कपड्यांची पावडर आणि तारेची घासणी दूर ठेवा. बोअरचे पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग वाळतात आणि ते सहसा निघत नाहीत. नळाचे पाणी वापरा, नाहीतर रबरी पट्टीने लगेच निथळून घ्या.